तेरचे विटांचे मंदिर आणि शालेय वयातील कलेतिहास

धाराशिव तालुक्यातील तेर हे तेरणाकाठचे गाव महाराष्ट्राला संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून परिचित आहे. समाधीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी काही जण गावातील त्रिविक्रमाच्या मंदिरातही जातात, वामनावताराच्या त्या पाषाणमूर्तीपुढे हात जोडतात आणि परततात. मंदिराची मागील बाजू सहसा कोणी फिरून पाहत नाही. ती पाहिली तर ध्यानात येते की, गाभाऱ्याची मागील भिंत सरळ नसून अर्धवर्तुळात वळलेली आहे, बांधकाम दगडाचे नसून विटांचे आहे आणि वरचे छप्पर गाडीवरील तट्ट्याप्रमाणे कमानदार आहे. हत्तीच्या पाठीशी असलेल्या साम्यावरून अशा इमारतीस गजपृष्ठाकार म्हणतात. पुढचा सपाट छताचा मंडप या मूळ वास्तूस नंतर जोडलेला आहे.

कार्ले किंवा भाजे येथील लेणी ज्याने पाहिली आहेत त्याला हा आकार ओळखीचा वाटेल, कारण बौद्ध चैत्यगृहांचा आराखडा असाच असतो. हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी तेरच्या वास्तूंचे सर्वेक्षण केले, तेव्हा ही वास्तू मुळात बौद्ध चैत्य असावी आणि पुढे ती वैष्णव मंदिर झाली असावी, असा निष्कर्ष त्याने काढला. तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. परंतु गजपृष्ठ आकार ही केवळ बौद्धांची मिरास नव्हती आणि प्राचीन काळी ब्राह्मणी देवतांची मंदिरेही या आकारात बांधली जात, असे प्रतिपादन नंतरच्या अभ्यासकांनी केले आहे. कर्नाटकातील ऐहोळे येथील दुर्ग मंदिर गजपृष्ठाकारच आहे. (त्या नावातील ‘दुर्ग’ म्हणजे किल्ला, दुर्गादेवीशी त्याचा संबंध नाही. नावावरून देवता ठरविण्याची घाई किती फसवी असते, याचे हे चांगले उदाहरण होय.) तेव्हा तेरची वास्तू मुळात कोणाची, हा प्रश्न आजही वादाचा आहे, आणि तिच्या नेमक्या शतकाविषयीही एकवाक्यता नाही.

विद्यापीठातील कलेतिहासाच्या वर्गात विद्यार्थ्यांपुढे ठेवले जातात ते याच जातीचे प्रश्न. प्रस्तुत लेखाचा विषय असा की, नववी-दहावीतील विद्यार्थ्याने अशा प्रश्नाला हात घालावा काय, आणि घालावयाचा झाल्यास आपल्या जिल्ह्यात त्याची सोय कशी करता येईल.

परदेशातील प्रघात

शालेय वयात महाविद्यालयीन पातळीचा कलेतिहास शिकविण्याची व्यवस्था काही देशांत रूढ आहे. अमेरिकेत ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाची योजना १९५५ पासून कॉलेज बोर्ड ही संस्था चालविते. तीत माध्यमिक शाळेतील विद्यार्थी आपल्याच शाळेत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकतो, मे महिन्यात सामायिक परीक्षा देतो आणि पुरेसे गुण मिळाल्यास अनेक विद्यापीठे त्या विषयाचे श्रेयांक त्याच्या खाती जमा करतात. कलेतिहास हा या योजनेतील एक विषय आहे. २०१५-१६ पासून त्याचा अभ्यासक्रम जगभरातील निवडक २५० कलाकृतींवर आधारलेला आहे. सांचीचा स्तूप, खजुराहोचे लक्ष्मण मंदिर, चोळकालीन नटराज, जहांगीराचे एक लघुचित्र आणि ताजमहाल यांना त्यांत स्थान आहे; अजिंठ्याला मात्र नाही. निवड म्हटली की काही तरी सुटणारच, परंतु महाराष्ट्रातील वाचकाला ही उणीव खटकल्यावाचून राहत नाही.

या परीक्षेतील एक प्रकार विशेष लक्षणीय आहे. विद्यार्थ्याने पूर्वी कधीही न पाहिलेल्या कलाकृतीचे छायाचित्र त्याच्यापुढे ठेवतात आणि ती कोणत्या परंपरेतील अथवा कोणत्या कलावंताची असावी, हे सकारण लिहावयास सांगतात. येथे पाठांतराचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो डोळ्यांना लागलेल्या वळणाचा.

इंग्लंडमध्ये या विषयाचे भवितव्य एकदा धोक्यात आले होते. तेथील ‘ए-लेव्हल’ परीक्षेतून कलेतिहास वगळण्याचे संबंधित परीक्षा मंडळाने २०१६ मध्ये जाहीर केले. कलावंत व प्राध्यापक यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, दुसऱ्या मंडळाने विषय स्वीकारला आणि सप्टेंबर २०१७ पासून नव्या अभ्यासक्रमाचे अध्यापन सुरू झाले. हा विषय केवळ सुखवस्तू घरांतील मुलांचा, असा आक्षेप तेथे नेहमी घेतला जातो. तो आक्षेप आपण पुढे लक्षात ठेवू.

आपल्याकडील स्थिती

महाराष्ट्रात शालेय कलाशिक्षणाचा सर्वाधिक परिचित टप्पा म्हणजे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा. खेड्यापाड्यांतील मुले-मुली मोठ्या हौसेने त्यांना बसतात, आणि इंटरमिजिएटमधील श्रेणीनुसार दहावीत अतिरिक्त गुणही मिळतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे या परीक्षांचे विषय. हाताला वळण लावण्याचे काम त्या उत्तम करतात. परंतु चित्र किंवा शिल्प पाहावे कसे, ते कोणत्या काळाचे हे ओळखावे कसे, याचा त्यांत अंतर्भाव नाही.

तो काही अंशी झाला आहे इतिहासाच्या पुस्तकात. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ‘भारतीय कलांचा इतिहास’ हे स्वतंत्र प्रकरण असून ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनाविषयीही एक प्रकरण आहे. म्हणजे चित्रकलेचा शिक्षक हात शिकवितो, इतिहासाचा शिक्षक प्रकरण शिकवितो, आणि कलेतिहास या दोघांच्या मध्ये उभा राहतो. पुष्कळदा शाळेत हे दोन शिक्षक एकाच खोलीत बसतात, पण या विषयावर एकमेकांशी बोलण्याचा प्रसंग त्यांना येत नाही.

अकरावी-बारावीस ‘कलेचा इतिहास व रसग्रहण’ हा विषय राज्य मंडळाच्या यादीत आहे. केंद्रीय मंडळाच्या चित्रकला विषयातही भारतीय कलेच्या इतिहासाची लेखी परीक्षा असते. मात्र विषय यादीत असणे आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो प्रत्यक्ष शिकविला जाणे, या दोन भिन्न गोष्टी होत. परिणाम असा होतो की, कलेतिहास, पुरातत्त्व, संग्रहालयशास्त्र, वारसा-जतन ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे आणि तिच्या आधारे उपजीविका करता येते, ही वार्ता मराठवाड्यातील मुलाला बहुधा पदवीच्या शेवटच्या वर्षी कळते, आणि अनेकांना ती कळतही नाही.

शाळेत असताना विद्यापीठाची पदवी मिळविण्याची वाट आपल्याकडे नाही. पदवीच्या प्रवेशास बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शालेय शिक्षणालाही श्रेयांक देण्याची तरतूद झाली आहे; एका शैक्षणिक वर्षाचे १२०० तास व ४० श्रेयांक, असे तिचे माप आहे. तथापि तेवढ्याने नववीतील मुलास महाविद्यालयाचा विषय घेता येतो, असे नव्हे. केंद्र शासनाच्या ‘स्वयं’ या संकेतस्थळावर नववीपासून पुढील पातळीचे अभ्यासक्रम विनामूल्य अभ्यासता येतात, परंतु उच्च शिक्षणाचे तेथील बहुतेक पाठ इंग्रजीत आहेत. तेव्हा पदवीचा विचार तूर्त बाजूस ठेवून पातळीचा विचार करणे इष्ट. विद्यापीठाच्या पातळीचा अभ्यास म्हणजे जाड पुस्तक नव्हे. नीट पाहणे, पाहिलेले नेमक्या शब्दांत लिहिणे, त्याची इतरांशी तुलना करणे आणि पुराव्याच्या पलीकडे न जाता अनुमान काढणे, अशी ती रीत आहे. ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला साधते. फक्त त्याच्या समोर खरी वस्तू असावी लागते, आणि या बाबतीत धाराशिव जिल्हा दरिद्री नाही.

पाच इंचांचा पुरावा नि दोन हजार वर्षांचा रस्ता

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात दक्षिणापथातील तगर या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ते असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असे, असे तो ग्रंथकार लिहितो. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट याने १९०१ मध्ये दाखवून दिले. पुढे उत्खनने झाली. दरम्यान तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून, शेतांतून नि पावसाने उघड्या पडलेल्या दरडींतून सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमविल्या. मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या केओलिन मातीच्या साच्यातील मूर्ती, नाणी असा तो संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन झाला आणि त्यांच्या नावाचे शासकीय पुरावस्तुसंग्रहालय तेर येथे उभे राहिले. पदवीवाचून केवढे काम होऊ शकते, हे या जिल्ह्याला दुसरीकडून शिकावयाचे नाही.

या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती विख्यात आहे. आकाराने वितीएवढीही नसलेली ही मूर्ती विद्यार्थ्याला एक मोठा धडा देते. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्या राखेतून १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेर येथे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. आता विद्यार्थ्याला विचारावे : यावरून काय सिद्ध होते? पाँपेईची मूर्ती ७९ च्या पूर्वीची, हे निश्चित. त्या घडणीच्या मूर्ती त्या सुमारास प्रचारात होत्या, हेही म्हणता येईल. ती मूर्ती तेरलाच घडली, असे म्हणता येईल काय? येथे उत्साही विद्यार्थी ‘हो’ म्हणतो, आणि येथेच शिक्षकाने त्याला थांबवावयाचे असते. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील खूण आहे, आणि खरोष्ठी ही वायव्य भारताची लिपी. ती मूर्ती कोठे घडली याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले; पुढे ती यक्षी किंवा प्रसाधन करणारी स्त्री असावी, असे मत पुढे आले. आपल्या गावाचा अभिमान आणि पुरावा यांत फरक करता येणे, ही या विषयातील पहिली इयत्ता होय.

धाराशिव शहराच्या पश्चिमेकडील डोंगरातील लेणी दुसरा धडा देतात. जेम्स बर्जेस याने १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात त्यांचे वर्णन केले आहे. मोठ्या लेण्याचा आराखडा अजिंठ्याच्या विहारांशी मिळताजुळता, परंतु गाभाऱ्यात आहेत पार्श्वनाथ. तेव्हा ही लेणी मूळची जैन की बौद्ध, हा प्रश्न येथेही उभा राहतो. विशेष असे की, मुनी कनकामर याच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात राजा करकंड याला तेरापूरजवळच्या डोंगरात लेणे व पार्श्वनाथाची मूर्ती आढळल्याची कथा आली आहे. काव्यातील कथेला पुरावा म्हणून किती वजन द्यावे? दहावीच्या मुलाने या प्रश्नावर दोन पाने लिहिली, तर ती मोठ्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभतील.

नळदुर्गचा पाणीमहाल मुलांनी सहलीत पाहिलेला असतो. बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधून सांडव्याचे पाणी खिडक्यांपुढून पडेल अशी रचना करण्याची कल्पना दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या कारकीर्दीत, १६१३ च्या सुमारास, साकार झाली. हा सुलतान संगीताचा व चित्रकलेचा चाहता होता, आणि त्याच्या दरबारातील चित्रे आज जगातील मोठ्या संग्रहालयांत आहेत. नळदुर्ग ही केवळ स्थापत्याची करामत नसून त्याच रसिकतेचे दगडी रूप आहे, हे त्या चित्रांशेजारी ठेवून पाहिल्यावाचून कळत नाही. सहलीत मात्र नर-मादी धबधब्यांपुढे छायाचित्र काढून बस परत फिरते. परंड्याच्या किल्ल्याची कथा आणखी निराळी. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली मुलूखमैदान तोफ काही काळ या किल्ल्यावर होती, आणि १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली. कलाकृती जागा बदलतात आणि त्यांच्या हस्तांतराचा इतिहास हाही अभ्यासाचा भाग असतो, हे समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

‘हेमाडपंती’ या शब्दाविषयी

एका शब्दाविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. आपल्याकडे कोणतेही जुने दगडी देऊळ दिसले की ते हेमाडपंती ठरते. ग्रामपंचायतीच्या फलकावर तसे लिहिले जाते, यात्रेच्या पत्रिकेत तसे छापले जाते, आणि मुले निबंधात तेच लिहितात. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. मराठवाड्यातील अनेक मंदिरे त्याच्या कितीतरी आधीची, चालुक्यांच्या अमदानीतील आहेत. चुन्याशिवाय दगडावर दगड बसविणे हेच हेमाडपंतीचे लक्षण मानले, तर ती पद्धत त्याच्या पूर्वीही होती. विद्यार्थ्याने हा शब्द महिनाभर न वापरण्याचा निश्चय करावा आणि त्याऐवजी देवळाचे वर्णन लिहावे : तळ चौकोनी की तारकाकृती, खांब कोणत्या आकाराचे, द्वारशाखा किती, ललाटबिंबावर कोण आहे, शिखर मूळचे की नंतर विटा-चुन्याने बांधलेले. भूम तालुक्यातील माणकेश्वर येथील शिवमंदिरासमोर बसून असे वर्णन लिहिले, तर मुलाची वही पहिल्याच दिवशी भरून जाईल, आणि हा शब्द का अपुरा आहे, ते त्याला सांगावे लागणार नाही.

साधनांचा प्रश्न वाटतो तितका बिकट नाही. मराठी विश्वकोशातील वास्तुकला, मूर्तिकला, चैत्य व मंदिर यांवरील नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि मराठी परिभाषेचे काम त्या चोख बजावतात. ग. ह. खरे यांचे ‘मूर्तिविज्ञान’ हे पुस्तक शालेय ग्रंथालयात असावयासच हवे. १९७२ चा उस्मानाबाद जिल्हा गॅझेटिअर इंग्रजीत आहे. पण आठवड्याला एक पान, असे शिक्षकाने मुलांबरोबर वाचले तर इंग्रजीचाही सराव होतो. इंग्लंडमधील आक्षेपाचे येथे स्मरण होते. हा विषय सुखवस्तूंचा होतो तो महागडी पुस्तके आणि परदेशी संग्रहालये यांच्यामुळे. तेरच्या मुलाला संग्रहालय गावातच आहे. उणीव आहे ती त्याला तेथे तासभर एकाच वस्तूपुढे बसू देणाऱ्या वेळापत्रकाची. एका दिवसात सात स्थळे दाखविणाऱ्या सहलीपेक्षा एका स्थळाच्या तीन फेऱ्या अधिक फलदायी ठरतील, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

पंचायत सदस्यांचा संबंध

हा सारा विचार शाळेपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. संरक्षित स्मारकांची काळजी शासन घेते. परंतु पारावर टेकलेले वीरगळ, विहिरीच्या काठाला बसविलेल्या द्वारशाखा, नदीपात्रातील भग्न मूर्ती यांची नोंद बहुधा कोठेच नसते. एका गावी वीरगळावर ऑइलपेंटचा तिसरा थर चढलेला लेखकाने पाहिला. रंग लावणाऱ्यांची भावना निर्मळ होती, पण युद्धाचा खालचा पट्टा आणि कैलासातील शिवपूजेचा वरचा पट्टा आता वेगळे ओळखू येत नाहीत. शिल्पाची नोंद आधी झाली असती, तर निदान त्याचे रेखाचित्र उरले असते.

हे काम शाळा व ग्रामपंचायत मिळून करू शकतात. गावातील प्रत्येक जुन्या शिल्पासाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर जागा, लांबी-रुंदी, दगडाचा प्रकार, सध्याची स्थिती, मुलाने काढलेले रेखाटन आणि तारीख असावी. मुलाने काढलेले अनुमान निराळ्या शाईत लिहावे, म्हणजे पाहिलेले काय आणि वाटलेले काय, याची सरमिसळ होणार नाही. इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलाचे रेखाटन येथे खऱ्या कामी येते. वहीची एक प्रत पंचायतीच्या दप्तरी ठेवावी. मात्र मुलांनी कोठेही उकरू नये, हे प्रारंभीच बजावले पाहिजे. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांचा व्यवहार १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतो.

आरंभ कोठे करावा, असे कोणी शिक्षक विचारतील, तर त्यांना पुन्हा तेरलाच जावयास सांगावे लागेल. तेथे उत्तरेश्वराचे आणखी एक जुने विटांचे मंदिर आहे. त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट आज लामतुरे संग्रहालयात ठेवलेली आहे. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने सकाळी संग्रहालयात चौकटीचे मोजमाप घ्यावे व तिच्यावरील प्रत्येक आकृती उतरवून घ्यावी. दुसऱ्याने त्याच वेळी मंदिरातील विटांची लांबी, रुंदी, जाडी मोजावी आणि त्यांवरील नक्षी टिपावी. दुपारी दोन्ही वह्या शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारावा : लाकडावरचे कोणते घाट विटेवर आले आहेत, आणि विटेला न जमल्यामुळे कोणते सुटले आहेत?